साहसाचं दरपत्रक

सहा हजार एकर जमीन, सोनं शोधायला वीस खाणपट्टे आणि लुटून आणलेल्या गुरांत वाटा. ऑगस्ट 1893मध्ये, आजच्या झिम्बाब्वेतल्या फोर्ट व्हिक्टोरिया या ठाण्यावर ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने आपल्या स्वयंसेवकांशी जो करार केला, त्याचा गोषवारा एवढाच. 'स्वयंसेवक' हा शब्द आपल्या कानाला किती सोज्वळ लागतो! गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरून उभा राहतो तो स्वयंसेवक. हे स्वयंसेवक माटाबेलेलँडवर स्वारी करणार होते, आणि ज्या जमिनीचे एकर वाटले जात होते ती अजून एन्डेबेले लोकांच्या लोबेंगुला राजाकडे होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असला प्रकार. फरक इतकाच की या भटाकडे मॅक्सिम तोफा, म्हणजे मशीनगन, होत्या.

त्याच सुमाराला फ्रेडरिक रसेल बर्नहॅम नावाचा बत्तीस वर्षांचा अमेरिकी माणूस बायको-मुलाला घेऊन डर्बनहून उत्तरेकडे निघाला होता. हजारेक मैलांची वाट, गाढवं जुंपलेली गाडी. लढाईला तोंड लागायच्या बेताला तो पोहोचला आणि कंपनीच्या फौजेत स्काउट झाला. पुढे हाच माणूस दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या स्काउटांचा प्रमुख झाला आणि सातव्या एडवर्डच्या हातून पदक घेऊन आला. रॉबर्ट बेडन-पॉवेलला त्याने रानातली विद्या शिकवली. त्या विद्येतून जी स्काउट चळवळ उभी राहिली तिचा गळपट्टा माझ्याही गळ्यात होता. तालुक्याच्या शाळेत, शनिवारी सकाळी, खाकी चड्डी आणि शिट्टी. गाठी मारायला मला अजून येतात. 'खरी कमाई'त आम्ही भेळ विकली होती आणि निम्मी आम्हीच खाल्ली होती.

म्हणून अशा साहसी माणसांचं आज काय करायचं, हा प्रश्न माझ्यापुरता परका नाही. जून 2020मध्ये इंग्लंडमधल्या पूल बंदरावरचा बेडन-पॉवेलचा पुतळा हलवायचं तिथल्या नगरपालिकेने ठरवलं, लोक पुतळ्याभोवती पहाऱ्याला बसले आणि शेवटी त्याच्याभोवती फळ्या ठोकल्या गेल्या. एक बाजू म्हणते, साम्राज्याचे शिपाई होते, उतरवा. दुसरी म्हणते, शूर होते, त्यांना त्यांच्या काळात राहू द्या. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. पुतळा उतरवला की गोष्ट संपते आणि पुतळा ठेवला की गोष्ट सुरूच होत नाही. माझं म्हणणं असं आहे की साहसी माणसाची गोष्ट मुलांना जरूर सांगावी, चवीने सांगावी, पण त्याला पैसे कोणी दिले, कशाच्या रूपात दिले आणि ते मुळात कोणाचे होते, हेही त्याच दमात सांगावं. हिशेबाचं पान फाडून उरलेलं पुस्तक वाचायला देणं ही फसवणूक आहे, आणि ती आजही कोणाच्या तरी जिवावर बेतते.

आपल्याकडे गावगाड्यात माग काढायची एक रीत होती. चोरी झाली की रामोशी किंवा भिल्ल पावलांचा माग काढत गावच्या शिवेपर्यंत जायचा. माग शीव ओलांडून गेला की जबाबदारी पुढच्या गावावर. त्या गावाने तो पुढे न्यायचा, नाहीतर भरपाई द्यायची. बर्नहॅमसारख्यांच्या चरित्रात माग नेमका शिवेवर सोडलेला असतो. तो तिथून पुढे न्यायचा, एवढंच काम आहे.

तर माग असा. बर्नहॅम 1861 साली मिनेसोटात, डकोटा या मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशावर, एका पाद्र्याच्या घरी जन्मला. दुसऱ्याच वर्षी डकोटांचा उठाव झाला. आईने तान्ह्या पोराला मक्यात दडवलं आणि स्वतः जीव घेऊन पळाली. परत आली तेव्हा घर जळालेलं, पोर सुखरूप. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि सांगण्यासारखीच आहे. पण उठाव का झाला? जमिनीच्या मोबदल्यात कबूल केलेले वार्षिक पैसे अमेरिकी सरकारने वेळेवर दिले नाहीत, डकोटा उपाशी मरत होते, आणि व्यापारी उधारीवर धान्य द्यायला तयार नव्हते. त्या वर्षी 26 डिसेंबरला मँकाटो गावात 38 डकोटांना एकाच वेळी फासावर चढवण्यात आलं. एका दिवसात इतकी माणसं अमेरिकेने पुन्हा कधी फाशी दिली नाहीत. मक्यात लपवलेल्या बाळाचं घर तिथून फार लांब नव्हतं.

पुढे कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं, बाप वारला, आई धाकट्या मुलाला घेऊन माहेरच्या मुलखात परतली, आणि बारा-तेरा वर्षांचा फ्रेडरिक एकटा मागे राहिला. घोड्यावरून तारा पोहोचवायच्या हे त्याचं काम. मग ॲरिझोना, जुन्या जाणत्या स्काउटांच्या हाताखाली अपाचे युद्धांतली उमेदवारी, टोंटो खोऱ्यातली रक्तरंजित भाऊबंदकी. या वयात आमचा मुलगा दूध आणायला एकटा जाईल का, यावर घरात बैठक होते.

त्याचं कौशल्य खोटं नव्हतं, हे नि:शंक मान्य करू. वाळलेल्या गवताची पात किती वेळापूर्वी दबली असेल हे त्याला कळायचं. अंधारात वास आणि वारा यांवरून दिशा, झोपेशिवाय दिवसच्या दिवस, शत्रूच्या छावणीतून रांगत जाऊन परत येणं, हे सगळं तो करत असे. जानेवारी 1900मध्ये रॉबर्ट्सने त्याला तार करून बोलावलं तेव्हा तो अलास्कात सोनं शोधत होता, आणि मिळेल त्या पहिल्या बोटीने निघाला. रॉबर्ट्स म्हणजे कानपुरात जन्मलेला, सात वर्षांहून अधिक काळ हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला माणूस. जगभरच्या सैन्यांतून त्याला कोणीही मिळालं असतं, तरी त्याने हा परदेशी निवडला. यापुढे कोणी या विद्येला कमी लेखू नये.

पण हा माणूस आफ्रिकेत गेला तरी का? 1890च्या जनगणनेनंतर अमेरिकेने जाहीर केलं की आता आपल्याला सरहद्द म्हणून काही उरली नाही. सगळीकडे वस्ती झाली. सरहद्द हा शब्द फसवा आहे. नकाशावर ती रेघ असते, पण ज्याची जमीन त्याच्या दृष्टीने ते परसदार. डकोटांचं परसदार संपलं, अपाचेंचं संपलं, तेव्हा बर्नहॅमने पुढच्याचं परसदार शोधलं. सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला नेमकी अशीच माणसं हवी होती. कंपनी म्हटल्यावर मराठी वाचकाला जास्त फोड करून सांगायला नको. शनिवारवाड्यावर निशाण चढवणारीही कंपनीच होती.

आता शांगानी नदीचा प्रसंग. डिसेंबर 1893. राजधानी बुलावायो पडली आहे, लोबेंगुला उत्तरेकडे पळतो आहे. मेजर ॲलन विल्सन थोड्या घोडेस्वारांनिशी नदी ओलांडून त्याच्या मागावर गेला आणि वेढला गेला. बर्नहॅमसह तिघांना कुमक आणायला मागे पाठवलं. नदीला पूर आला, कुमक गेली नाही आणि 4 डिसेंबरला विल्सनसकट 34 जण मारले गेले. तिघे वाचले. त्या 34 जणांचं भव्य स्मारक मटोबोच्या टेकड्यांत ऱ्होड्सच्या कबरीजवळ उभं आहे. त्याआधीच्या दोन लढायांत मॅक्सिम तोफांपुढे शेकड्यांनी एन्डेबेले पडले, त्यांची नावं कुठल्या दगडावर शोधायची?

या गोष्टीतली मला सगळ्यात बोचणारी जागा मात्र वेगळी आहे. साहसकथांत तिला अर्धी ओळही मिळत नाही. पळता पळता लोबेंगुलाने सोन्याच्या नाण्यांची थैली आणि निरोप पाठवला होता: मी हरलो, हे घ्या आणि थांबा. दूतांनी ती थैली वाटेत भेटलेल्या दोन गोऱ्या शिपायांच्या हातात दिली. दोघांनी पैसे खिशात घातले आणि निरोप गिळला. पुढे खटला होऊन त्यांना शिक्षाही झाली, पण तोवर विल्सनची तुकडी नदीपार जाऊन मेली होती. निरोप पोहोचता तर मोहीम थांबलीच असती असं छातीठोक कोण सांगणार? ऱ्होड्सला शरणागतीपेक्षा मुलूख हवा होता. तरी 34 जणांच्या 'अमर बलिदाना'च्या मुळाशी एक थैली दडपणारे दोन चोर आहेत, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे? मुलांना चोराची गोष्ट वीराच्या गोष्टीहून जास्त लक्षात राहते, हा माझा अनुभव आहे.

युद्ध संपल्यावर जमिनी वाटल्या गेल्या. बर्नहॅमलाही पदक, सोन्याचं घड्याळ आणि जमिनीत वाटा मिळाला. एन्डेबेल्यांची गुरं कंपनीने राजाची म्हणून हाकून नेली. उरली त्यांच्यावर 1896मध्ये बुळकांडी आली, जोडीला दुष्काळ आणि टोळधाड. गुरांवर जगणाऱ्या समाजाची गुरंच गेल्यावर उठाव होणारच होता. कंपनीचे बरेचसे पोलीस ट्रान्सवाल या शेजारच्या बोअर प्रजासत्ताकावरच्या फसलेल्या छाप्यात पकडले गेले होते, तो मोका त्यांनी साधला. बुलावायोला वेढा पडला आणि त्या वेढ्यात बर्नहॅमची लहानगी मुलगी नाडा ताप आणि उपासमारीने गेली. बापाचं दुःख खरं होतं. तेही गोष्टीत असू द्या.

जून 1896मध्ये बर्नहॅम आणि आर्मस्ट्राँग नावाचा एक तरुण अधिकारी मटोबोतल्या एका गुहेत शिरले आणि 'म्लिमो'ला गोळी घालून आले. उठावाचा सूत्रधार मारला म्हणून जगभरच्या वर्तमानपत्रांत जयजयकार झाला. गंमत अशी की म्लिमो हे माणसाचं नावच नाही, ते देवाचं नाव. त्याची ठाणी अनेक, पुजारी अनेक. मारला गेलेला म्हातारा उठावाशी संबंधित तरी होता का, यावर नंतरच्या सरकारी चौकशीतच गंभीर शंका घेतली गेली आणि पुढच्या इतिहासकारांनीही. युद्ध काही त्या गोळीने थांबलं नाही. ऱ्होड्स टेकड्यांत जाऊन एन्डेबेले सरदारांशी बोलणी करत बसला, महिनोन्‌महिने, तेव्हा ते थांबलं. म्हणजे ज्या पराक्रमाने बर्नहॅम सर्वांत जास्त गाजला, तोच सर्वांत संशयास्पद. याच टेकड्यांत त्याची आणि बेडन-पॉवेलची गट्टी जमली. बेडन-पॉवेलवरही त्याच मोहिमेत, उविनी या पकडलेल्या सरदाराला बेकायदा गोळ्या घातल्याबद्दल चौकशी बसली आणि तो सुटला. स्काउटचा गळपट्टा आणि रुंद काठाची टोपी या टेकड्यांतून आली.

'त्या काळाच्या मापाने मोजा' असं कोणी म्हणेल. मोजू या. त्याच काळात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हेन्री लाबूशेर या कंपनीच्या युद्धावर तोंडसुख घेत होता. ऑलिव्ह श्रायनर या दक्षिण आफ्रिकेतल्याच लेखिकेने 1897मध्ये कंपनीच्या क्रौर्यावर कादंबरिका लिहिली. काळाला दोन मापं होती. आपण ज्याचं माप उचलतो त्याच्या बाजूने आपण उभे राहतो, इतकं साधं आहे हे.

भाडोत्री शिपाईगिरी म्हणजे काय, हे मराठी माणसाला तरी पुस्तकातून शिकायला नको. महादजी शिंद्यांनी शाँबेरी गावच्या बेन्वा द ब्वान्यला ठेवून घेतलं, त्याने कवायती कंपू उभे केले, 1790मध्ये पाटण आणि मेडता जिंकून दिलं. तो प्रामाणिक नोकर होता. भरपूर पैसा घेऊन मायदेशी गेला आणि त्याच्या गावात आज त्याच्या स्मारकाच्या कारंज्यावर ओतीव लोखंडाचे हत्ती आहेत. त्याच्यामागून पेराँ हा फ्रेंच सेनापती आला. 1803मध्ये गव्हर्नर-जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रजांना बोलावलं, तेव्हा ऐन लढाईच्या तोंडावर अधिकारी एकेक करून निघून गेले, आणि पेराँही इंग्रजांच्या आश्रयाला गेला. 23 सप्टेंबरला असईच्या रानात तोफांपाशी कापले गेले ते आपले गोलंदाज. त्यांच्यासाठी कोणाचा जाहीरनामा निघाला नव्हता. पगारी तलवार वाईटच असते असं नाही, पण ती वेतनचिठ्ठीच्या बाजूला वळते. बर्नहॅमने कंपनीला दगा दिला नाही, हे खरं. त्याची वेतनचिठ्ठी जिंकणाऱ्याकडची होती, त्यामुळे त्याच्या इमानाची तशी परीक्षाच झाली नाही.

आणि बहिर्जी नाईक? शिवरायांचा हा हेर बखरींतल्या थोड्या उल्लेखांपलीकडे सापडत नाही. बाकी सगळं आपण नंतर रंगवलेलं. बर्नहॅमने स्वतःच्या आठवणींची दोन पुस्तकं लिहिली. बखरीपेक्षा आत्मचरित्र वाचायला सोपं असतं, एवढ्याच कारणाने एक साहसी ठरतो आणि दुसरा दंतकथा. जो लिहितो त्याचीच सरहद्द.

बर्नहॅमच्या बाकीच्या आयुष्यात गमतीही भरपूर आहेत. 1910मध्ये लुइझियानाच्या नद्या जलपर्णीने तुंबल्या, देशात मांसाचा तुटवडा होता, तर आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत असं विधेयक अमेरिकी काँग्रेसपुढे आलं. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला बर्नहॅम गेला आणि त्याच्या शेजारी बोअरांचा जुना हेर फ्रिट्झ ड्यूकेन बसला. बोअर युद्धात या दोघांना एकमेकांना ठार मारायचा हुकूम होता! विधेयक बारगळलं. ड्यूकेन पुढे 1941मध्ये नाझींच्या हेरटोळीचा म्होरक्या म्हणून न्यूयॉर्कमध्ये पकडला गेला. उजनी किंवा पंचगंगा जलपर्णीने हिरवीगार दिसली की मला हे पाणघोडे आठवतात.

पण याही काळात त्याचा मुख्य धंदा एकच होता, दुसऱ्याच्या मुलखात काय पुरलेलं आहे ते हुडकणं. आफ्रिकेत तांबं, मेक्सिकोत याकी नदीकाठची जमीन, शेवटी कॅलिफोर्नियात तेल, आणि तेलाने तो श्रीमंत झाला. केनियात ईस्ट आफ्रिका सिंडिकेटची शोधमोहीम त्याने चालवली. तिथल्या मगाडी या सोड्याच्या सरोवराच्या शोधाचं श्रेय त्याला दिलं जातं. मसाई तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत होते, पण त्यांना दिसलं तो शोध नव्हे. 1904 आणि 1911च्या करारांनी मसाई आपल्या चांगल्या कुरणांवरून हलवले गेले, आणि मगाडीवर सोड्याचा कारखाना आला. आज तो टाटा केमिकल्सच्या मालकीचा आहे. हा माग असा फिरत फिरत थेट मुंबईत येतो. टाटांनी मसाईंना हुसकावलं असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मी फक्त माग शिवेवर न सोडण्याबद्दल बोलतो आहे.

मग स्काउट बंद करायचं का? मुळीच नाही. उलट भारतातल्या स्काउट चळवळीची गोष्ट माझ्या बाजूने बोलते. 1909मध्ये ती इथे सुरू झाली तेव्हा फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय पोरांना माग काढायला शिकवलं तर ते कोणाचा माग काढतील, ही सरकारची भीती रास्तच म्हणायची. त्यावर ॲनी बेझंट यांनी 1916मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली, पंडित मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले, आणि 7 नोव्हेंबर 1950ला सगळ्यांचं मिळून भारत स्काउट्स अँड गाइड्स झालं. सेवा समितीच्या मुलांनी तीच विद्या कुंभमेळ्यातल्या गर्दीत हरवलेली माणसं शोधायला वापरली. विद्या तीच, मालक बदलला. मालक बदलता येतो हे कळायला आधी मालक कोण होता ते कळावं लागतं.

आणि हे आत्ताच का, असं कोणी विचारलं तर गेल्या काही वर्षांतल्या बातम्या काढून पाहाव्यात. रशियात मदतनिसाची नोकरी, चांगला पगार, पुढे नागरिकत्व, अशी स्वप्नं दाखवून दलालांनी भारतातल्या अनेक राज्यांतले तरुण नेले आणि ते युक्रेनच्या आघाडीवर पोहोचले. काही मेले. मार्च 2024मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवून छापे घातले आणि सरकारला रशियाकडे त्यांच्या सुटकेसाठी पाठपुरावा करावा लागला. काहींना न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सह्या कराव्या लागल्या होत्या. मोबाइलवर बंदूक घेतलेला रुबाबदार माणूस दाखवला की बेकार पोराला काय वाटतं हे दलालाला पक्कं ठाऊक असतं. तोही साहसच विकतो, हिशेबाचं पान फाडून.

न वाचता येणाऱ्या कागदाची ही तऱ्हा जुनी आहे. 30 ऑक्टोबर 1888ला लोबेंगुलाने ज्या कागदावर निशाणी उमटवली त्यात ऱ्होड्सच्या माणसांना राज्यातल्या सगळ्या खनिजांचा हक्क होता. बदल्यात महिन्याला शंभर पौंड, एक हजार मार्टिनी-हेन्री बंदुका, एक लाख काडतुसं आणि झांबेझी नदीवर एक तोफांची बोट. दुभाषा होता हेल्म नावाचा मिशनरी. दहापेक्षा जास्त गोरे खोदायला येणार नाहीत आणि ते राजाचे कायदे पाळतील, असं राजाला तोंडी सांगितलं होतं. कागदात ते नव्हतं. कळल्यावर राजाने करार नाकारला, इंग्लंडच्या राणीकडे वकील पाठवले. पुढच्या ऑक्टोबरात कंपनीला सनद मिळाली आणि चार वर्षांनी बर्नहॅम गाढवं हाकत आला.

तो करार फार मोठा नाही. मराठी करून स्काउटच्या तासाला वाचायला पाच-सात मिनिटं पुरतील. गाठी त्यानंतर शिकवता येतात.